गळ्यातली सवत

जानकी वहिनीच्या गळ्यात मंगळसूत्राखाली आणखी एक काळा दोरा होता आणि त्या दोऱ्यात नखाएवढा चांदीचा टाक. टाकावर बाईचं तोंड ठोकलेलं होतं. दोन टिंबं म्हणजे डोळे, मधे नाकाची रेघ, कपाळावर कुंकवाचा ठिपका. ही शेवंती. दशरथ धुरींची पहिली बायको. ती गेली आणि वर्षाच्या आत दशरथभाऊंनी जानकीशी लग्न केलं. धुरींच्या घरातल्या रिवाजाप्रमाणे त्याच दिवशी मेलेल्या सवतीचा टाक नव्या बायकोच्या गळ्यात पडला. का, तर पहिलीने दुसरीला त्रास देऊ नये. रोज आंघोळ झाली की आधी टाकाला कुंकू, मग स्वतःला. सणाला नवं लुगडं आलं की आधी टाकाला दाखवायचं, मग नेसायचं.

मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी म्हणाले होते, "नवरा एक, बायका दोन आणि भांडण नाही. झकास!"

जानकी वहिनी पोट धरून हसली होती. तेव्हा ती हसायची.

मी शकु. त्यांच्या शेजारच्या खोलीतली. घाटकोपरच्या असल्फ्याला टेकडीच्या अंगावर आमची चाळ. आम्ही बौद्ध, बीडकडचे. धुरी मालवणकडचे. जानकी वहिनी खानावळ चालवायची. गावाकडून एकटे आलेले गडी दोन वेळ तिच्याकडे जेवायचे, त्यांना सगळे 'मेंबर' म्हणत. दशरथभाऊ गिरणीत होते, पण ब्याऐंशीच्या संपात गिरणी गेली ती गेलीच, आणि मग घर खानावळीवरच चाललं. घरात तिसरं माणूस म्हणजे मालनआत्या, दशरथभाऊंची मोठी विधवा बहीण. लुगडं पांढऱ्याकडे झुकणारं, पाठ ताठ, आणि जीभ अशी की मेंबर लोक तिच्यासमोर भाकरीसुद्धा आवाज न करता चावायचे. माझ्या घरचा चहा तिने कधी घेतला नाही. मी पण कधी आग्रह केला नाही.

त्या घरात पाळीचे चार दिवस बाजूला बसायचं. खोलीच्या टोकाला मोरी, मोरीच्या उंबऱ्याशी एक गोणपाट, त्यावर जानकी वहिनी. चुलीजवळ जायचं नाही, कशाला शिवायचं नाही. मेंबरांचं जेवण तेवढे दिवस आत्या करायची. पाणी हवं असलं तर आत्या तांब्या वरून धरायची आणि जानकी वहिनी ओंजळ खाली. भांडं भांड्याला लागू द्यायचं नाही. घरातलं कुणी त्या कोपऱ्याकडे फिरकायचं नाही, म्हणून मी जाऊन बसायची. मला कसला विटाळ? आमच्या घरात हे सगळं, आम्ही बाबासाहेबांच्या मागून गेलो, तेव्हाच संपलं होतं. मी तिच्या मांडीला मांडी लावून बसायची आणि म्हणायची, "महिन्यातले चार दिवस तू आमच्यातली हो वहिनी. बाकी दिवस मराठीण."

असं बोललेलं दुसऱ्या कुणाला लागलं असतं. तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला आणि मग बराच वेळ माझा हात सोडला नाही. आमची मैत्री त्या गोणपाटावरची.

एक गोष्ट मी तेव्हाच पाहिली होती. मालनआत्या जेवायला बसताना कधी मोरीकडे तोंड करून बसायची नाही. जागा नसली तर उभ्याने खायची.

त्र्याऐंशी साली जानकी वहिनीचं बिघडलं. ती सत्तेचाळिसाची असेल. पाळी लहरी झाली. कधी तीन आठवड्यांत, कधी दोन महिने पत्ता नाही, आणि आली की अशी यायची की गोणपाट धुवावं लागायचं. ते एक वेळ ठीक. पण त्याच्या बरोबर दुसरंच काही सुरू झालं. भाकरी थापता थापता ती मधेच थांबायची. मान वर, डोळे समोरच्या भिंतीवर. छातीपासून एक लाली चढायची, गळा, गाल, कान, कपाळ, आणि बघता बघता पोलकं भिजायचं. चुलीची धग म्हणावी तर चूल विझलेली असली तरी व्हायचं. मग तेवढ्याच घाईने अंग गार पडायचं आणि ती पदर लपेटून बसायची.

"खयसून सुरू होता ठाव आसा?" तिने मला एकदा हळूच सांगितलं. बोट टाकावर ठेवलेलं. "हयसून. ती तापता आधी. मगे मी."

मी टाकाला बोट लावलं. खोटं कशाला सांगू, चांदी कढत होती. अंगावरची वस्तू अंगाएवढीच तापणार, हे मला घरी आल्यावर सुचलं. त्या घटकेला माझंही बोट झटक्यात मागे आलं.

मग मीठ सुरू झालं. आमटीत मीठ दुप्पट. मेंबरांपैकी कुंडलिक म्हणून एक गडी तोंडाळ होता. तो म्हणाला, "वहिनी, आज अख्खा मालवणचा समुद्र वाढलात." जानकी वहिनीने हातातला डाव त्याच्या दिशेने फेकला. डाव भिंतीला लागला. जिने बारा वर्षांत कुणाला अरे म्हटलं नव्हतं, तिने. मग ती रडायला लागली आणि म्हणाली, "मी एकदाच घातलंय. दुसऱ्यांदा तिना घातल्यान."

कुणी विचारलं नाही 'ती' कोण. सगळ्यांनी तिच्या गळ्याकडे पाहिलं.

त्यानंतर त्या खोलीत शिरताना माझ्याही अंगावर काटा यायचा. मी काय घाबरट नाही. पण भर दुपारी, मेंबर कामावर गेलेले, दशरथभाऊ नाक्यावर, आणि जानकी वहिनी एकटीच कुणाशी तरी बोलते आहे असा आवाज भिंतीतून यायचा. जाऊन बघावं तर ती चुलीपुढे, आणि पाठीशी कुणी उभं असावं तशी अंग चोरून. रात्री झोप नाही. छाती धडधडते म्हणायची, कुणी दार वाजवतं तशी. देवाला दिवा लावलाय की नाही हे विसरायची आणि परत लावायला जायची, तर दिवा तेवत असायचा. मग म्हणायची, तिने लावला. स्वतःच्या विसरण्याचं सगळं खातं तिने शेवंतीच्या नावावर टाकलं होतं.

मी आत्याला म्हणाले, "आत्या, दवाखान्यात नेऊ या का हिला?"

"हात दाखवन अवलक्षण कित्याक?" आत्या म्हणाली. "तिचा काय ता मी बघतंय."

तिने बघितलं ते असं, की टाकाचा दोरा बदलला, गावच्या देवाला गाऱ्हाणं घातलं, अमावस्येला नारळ उतरवून टाकला. एक गोष्ट मात्र कानावर आली. गाऱ्हाण्यात ती पुटपुटत होती, 'हिका सोड, हिचो काय गुन्हो नाय.' हिचा गुन्हा नाही, मग कुणाचा? पण त्या वेळी एवढा विचार कोण करतो. उतारे झाले, नारळ झाले, आणि वाफा होत्या तशाच राहिल्या.

शेवटी एक दिवस जानकी वहिनी उकळत्या भाताचं पाणी वेळून काढताना घेरी येऊन खाली बसली आणि तिचा हात भाजला. मी कामाला होते त्या कारखान्यात सुट्टी टाकली आणि तिला ओढत खाली नाक्यावर नेलं. तिथे क्षमा डॉक्टरणीचा दवाखाना होता. डॉक्टरीण चाळिशीची, आवाज मोठा, लिहिताना बडबडायची सवय. हाताला मलम लावता लावता तिने विचारलं आणि जानकी वहिनीने, माझ्याकडे बघत बघत, सगळं सांगितलं. शेवंतीसकट.

मला वाटलं, डॉक्टरीण आता हसणार. ती हसली नाही. तिने पेन खाली ठेवलं.

"बाई, तुमची पाळी जायला लागलीय," ती म्हणाली. "एका दिवसात जात नाही ती. आधी तीन-चार वर्षं लहरीने वागते. कधी लवकर, कधी उशिरा, कधी धो धो, कधी नुसती खूण. पोटातले बीजकोश दमतात, त्यांचा रस कमी होतो. त्या रसावर आपलं ऊन-गार चालत असतं, तेच बिघडतं, म्हणून ही वाफ. छातीतून निघते, वर चढते, घाम सुटतो, मग हुडहुडी. झोप उडते. झोप उडाली की विसर पडतो, डोकं फिरतं. डाव फेकला म्हणताय, माझ्या एका पेशंटने जावयाच्या अंगावर ताट फेकलं."

जानकी वहिनीच्या तोंडावर इतक्या महिन्यांनी हसू आलं.

"मग बारा महिने सलग काही दिसलं नाही, की समजायचं गेली. त्यानंतरही वाफा काही वर्षं राहतील, हळूहळू उतरतील. हाडं ठिसूळ होतात, तेव्हा नाचणी खा, दूध घ्या, चाला. खालचं अंग कोरडं पडतं, लघवीला जळजळतं, लाजू नका, सांगायला या." आणि मग तिने जानकी वहिनीच्या बऱ्या हातावर हात ठेवला. "एकच गोष्ट पक्की लक्षात ठेवा. एकदा गेली म्हणजे गेली. गेल्यावर परत थेंब जरी दिसला, तर ती पाळी नव्हे. त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. त्याच दिवशी. काय?"

"त्याच दिशी," जानकी वहिनी म्हणाली.

टेकडी चढताना तिने मला तीनदा विचारलं, "म्हणजे ती नाय ना?" मी तीनदा सांगितलं, नाही. वर पोचल्यावर तिने टाक ओठांना लावला आणि म्हणाली, "चुकलंय गो बाये. उगाच तुझा नाव घेतलंय."

त्यानंतरचं दीड वर्ष बरं गेलं. वाफ आली की ती पदराने वारा घेत म्हणायची, "इली माझी गाडी," आणि भाकरी थापत राहायची. मीठ घातलं की लगेच बरणी माझ्याकडे भिंतीपलीकडे द्यायची, म्हणजे दुसऱ्यांदा घालायला नको. पाळी चौऱ्याऐंशीच्या पावसाळ्यात शेवटची आली. मोरीजवळचं गोणपाट तिने आधी गुंडाळून माळ्यावर टाकलं आणि बारा महिने उलटले तेव्हा टेकडीखाली नेऊन जाळलं. मला म्हणाली, "तुझ्यातली मी आता नाय हां शकु." मी म्हटलं, "वाट लागली. आता मी कुणाला छळू?"

तिला मूल झालं नव्हतं. तेहेतिसाव्या वर्षी लग्न झालेली बाई. दर महिन्याला आशा धरून दर महिन्याला त्या गोणपाटावर बसलेली. ते जळत होतं तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं. धुराने, असं ती म्हणाली. आम्ही दोघी जाळ विझेपर्यंत उभ्या राहिलो.

आणि पंच्याऐंशीच्या भाद्रपदात मालनआत्याने तिला तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा मान दिला.

पितृपक्षात अविधवा नवमी येते. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी पान वाढायचं आणि एक सवाष्ण जेवू घालायची. धुरींकडे हे शेवंतीसाठी दर वर्षी व्हायचं, आणि दर वर्षी तो स्वयंपाक आत्याच करायची, कारण जानकीचा भरवसा नाही, कधी बाहेरची होईल. या वर्षी आत्या म्हणाली, "तुझा सगळा गेला आता. तुका कोण आडवतलो? यंदा शेवंतीचा पान तू कर."

पंधरा वर्षं ज्या बाईला गळ्यात घेऊन फिरली, तिला स्वतःच्या हाताने जेवू घालायला मिळणार! जानकी वहिनी हरखून गेली. आठ दिवस आधीपासून तिचं चाललं होतं. वड्यांचं पीठ, काळे वाटाणे, खिरीला गूळ. सवाष्ण म्हणून चाळीतल्या सुनंदाला सांगून झालं. मी म्हटलं, "अगं, तुझ्या लग्नात तरी एवढी तयारी होती का?"

पण नवमीच्या तीन-चार दिवस आधी ती एकदम विझली. बोलेना. माझी नजर चुकवायची. दुपारी परत तो आवाज भिंतीतून यायला लागला, कुणाशी तरी दबून बोलण्याचा. मी गेले तर ती मोरीच्या उंबऱ्याशी बसली होती. जिथे गोणपाट असायचं तिथे, नुसत्या फरशीवर.

"काय झालं वहिनी?"

"कायेक नाय. पाय दुखतत."

तिची वाफ मला माहीत होती. ही वाफ नव्हती. तोंड पांढरं पडलेलं होतं. मी पुष्कळ खोदून विचारलं, पण तिने तोंड मिटलं ते मिटलंच, आणि मला कारखान्याची वेळ झाली होती.

नवमीला मी घरी होते. आम्हाला त्या पंगतीचं बोलावणं नसायचं, पण त्यांचं दार उघडं होतं, बाहेरच्या ओट्यावरून दिसत सगळं होतं. जानकी वहिनीने कोरं लुगडं नेसलं होतं. पत्र्यावर कावळ्यासाठी पान ठेवून झालं. कावळे समोरच्या भिंतीवर रांगेने बसलेले, पण एकही पानाला शिवेना. दशरथभाऊ हात जोडून उभे, आत्या काय काय बोलते आहे, 'तुझ्या मनात काय आसा ता सांग, चुकला असात तर पदरात घे.' कावळे बसून राहिले. इतका वेळ की सुनंदा पाटावर चुळबुळ करायला लागली. शेवटी आत्या म्हणाली, वाढ, तिला उशीर होतो.

जानकी वहिनी वड्यांची परात घेऊन वळली. दोन पावलं टाकली आणि तिच्या हातातून परात सुटली. वडे घरभर घरंगळले. तिने दोन्ही हात वर केले आणि ओरडली, "माका शिवू नकात! कोण शिवू नकात!"

मी धावले. उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथेच थांबले, कारण नेसलेल्या कोऱ्या लुगड्यावर मागे डाग होता, तळहाताएवढा, लाल.

"मी सांगूक नाय," ती रडत होती. "तीन दिस झाले. माका ठाव होता डॉक्टरीण काय बोलली ता. पण ती वाफेचा बोलली, ह्येचा नाय. वाफ माझी होती. ह्या तिचा आसा. तिका माझ्या हातचा पान नको. म्हणान कावळो शिवणा नाय. आणि मी सांगितलंय असता तर तुम्ही माझ्याकडसून पान काढून घेतलात असता वन्सं. पंधरा वर्षां मी वाट बघितलंय. आणि मनात... माका वाटला, परत इली म्हणजे अजून कदाचित..." पुढचं तिने पोटावर हात ठेवून सांगितलं.

डॉक्टरणीने वाफेबरोबर हेही सांगितलं होतं. अगदी हात धरून सांगितलं होतं. माणसाला जे ऐकायचं असतं तेवढंच तो घरी घेऊन येतो.

सगळे आता आत्याकडे बघत होते. सोवळ्यातला स्वयंपाक बाटला, पान बाटलं, सवाष्ण उपाशी. मला वाटलं, ही आता तिला फाडून खाणार. मी पदर खोचला. म्हटलं, एक शब्द बोलू दे म्हातारीला.

आत्या भिंतीला धरून हळूहळू खाली बसली. ती मोरीकडे बघत होती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"शेवंतीचा पण असाच झाला होता," ती म्हणाली.

दशरथभाऊ म्हणाले, "ताई, गप रव."

"कित्याक गप रवू? सोळा वर्षां गप रवलंय." ती आमच्याशी बोलत नव्हती. "तिचा पण गेला होता. वरीस झाला जावन. आणि परत इला. मी म्हटलंय, बस भायर. बसली. चार दिस झाले, थांबणा नाय. आठ झाले, थांबणा नाय. थांबल्याशिवाय घरात कशी घेवची? दोन महिने ती तिकडे बसली. त्या उंबऱ्यार. मी वरसून पाणी ओतलंय, लांबसून भात सरकवलंय. पोटात दुखता म्हणायची, वन्सं, जरा हात धरा, माका उठवा. मी काठी दिलंय तिका. हात नाय दिलंय. तिसऱ्या महिन्यात तिकडेच गेली. तोपर्यंत तिका कोणी शिवला नव्हता."

जानकी वहिनीचं रडणं थांबलं होतं. पंधरा वर्षं दर महिन्याला ती ज्या जागी बसली, त्या जागेकडे ती बघत होती. आणि मीही. त्या जागेवर बसून मी चेष्टा केलेल्या होत्या.

मग आत्या उठली. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात; पण ती सरळ जानकी वहिनीपाशी गेली, सोवळ्याच्या लुगड्यानिशी, आणि तिचा हात धरला. मनगट नव्हे, पंजा, बोटांत बोटं घालून.

"वन्सं, शिवलात," जानकी वहिनी म्हणाली.

"उठ. चल डॉक्टरणीकडे."

"जेवण..."

"जेवण रवांदे. शकु, हिका दुसरा लुगडा दी."

मला नावाने हाक मारायचीसुद्धा ही पहिलीच वेळ. मी माझं लुगडं आणलं, आत्याने ते माझ्या हातातून घेतलं, जानकीला नेसवलं, आणि आम्ही तिघी टेकडी उतरलो. आत्याने हात सोडला नाही. वाटेत लोक बघत होते.

क्षमा डॉक्टरीण रागावली नाही. फक्त विचारलं, कधीपासून, आणि लगेच मोठ्या हॉस्पिटलसाठी चिठ्ठी दिली. तिथे पिशवी आतून खरवडून तपासायला पाठवली. उत्तर यायला दिवस लागले. ते दिवस कसे गेले ते मी सांगत नाही. उत्तर आलं, वाईटच होतं. पण डॉक्टर म्हणाले, गाठ अजून पिशवीच्या आत आहे, बाहेर गेलेली नाही, पिशवी काढून टाकू. असं लाल दिसल्यावर बायका महिनोन् महिने घरी बसतात, तुम्ही तीन दिवसांत आणलीत, हे नशीब. आत्या खाली मान घालून ऐकत होती.

ऑपरेशनच्या दिवशी आयाबाई म्हणाली, अंगावरचं सगळं काढा. बांगड्या निघाल्या. मंगळसूत्र दशरथभाऊंनी घेतलं. टाक राहिला. जानकी वहिनीने तो मुठीत धरला. "ह्यो कसो काढू? पंधरा वर्षां एक दिस काढूक नाय. ह्यो काढलो आणि आत माका काय झाला तर?" दशरथभाऊ हात पुढे करीनात. मी केला, पण माझ्या हातात ती कशी देणार, तिची नजर आत्याकडे गेली.

आत्याने पुढे होऊन दोऱ्याची गाठ सोडली. टाक तळहातावर घेऊन बराच वेळ बघत राहिली. मग तो दोरा स्वतःच्या गळ्यात बांधला. विधवेच्या गळ्यात सवतीचा टाक, असं कुणी ऐकलं नसेल. आयाबाईपण बघत राहिली.

आम्ही बाहेर बाकावर बसलो. मी थर्मासमधून चहा आणला होता. माझ्या घरचा. विचारावं की नाही असं करत मी झाकणात ओतला, तोवर आत्याने माझ्या हातातून झाकण घेतलं आणि प्यायली. पिता पिता तिचा दुसरा हात गळ्याशी होता.

तिसऱ्या दिवशी जानकी वहिनी नीट शुद्धीत बोलायला लागली. मी डब्यातून पेज घेऊन गेले होते. तिने डोळे उघडले, आणि हात आधी गळ्याशी गेला. तिथे काही नव्हतं. ती घाबरीघुबरी झाली.

"खंय गेली ती?"

आत्या कॉटच्या कडेला बसली होती. तिने पदर बाजूला करून टाक दाखवला.

"हय आसा. माझ्याकडे."

"वन्सं, तुमका त्रास देयत."

"देवंदे." आत्याने माझ्या हातातून पेजेची वाटी घेतली. "ती तुझ्यासाठी नाय येत होती गो जानकी. माझ्यासाठी येत होती. तू मधी होतंस."

तिने चमचा भरून जानकीच्या तोंडाशी नेला. पेज ओठांवरून ओघळली, तशी आत्याने ती आपल्या बोटांनी पुसली, आणि हात मागे घेतला नाही.